येवसेईंचे कान

प्रिय अग्निया,

बाबांचा खोकला बरा आहे. नाकं अजून तितकीच छान काढतेस का, असं त्यांनी तुला विचारायला सांगितलंय. एकाच टेबलाशी बसवून त्यांनी आपल्या दोघींना चित्रकला शिकवली, पण नाकाचा विषय निघाला की आजही तुझंच नाव घेतात. मी आपले ब्रश धुते.

त्यांची नजर अधू झाल्यापासून माणसांची चित्रं मीच करते. या उन्हाळ्यात लग्नं जुळवणारी स्तेपानिदामावशी आली. तुला आठवत असेल, ती बसायच्या आधीच खुर्ची कुरकुरते. मधाच्या केकांचे व्यापारी येवसेई तिखोनोविच यांचं चित्र तिला हवं होतं. ते चित्र व्होल्गाकाठच्या दुसऱ्या गावी जाणार आणि ते बघून मुलगी हो की नाही ते सांगणार. कुठली मुलगी, हे मात्र सांगेना.

बिचारे ऐन जुलैत अस्वलाच्या कातड्याचा कोट घालून बसले. व्यापाऱ्याचं चित्र आणि अंगात तो कोट नाही, हे मावशीला कसं चालावं? नाकावरून घाम ओघळला, मी तो थेंबही काढला. मावशी ओरडली, "चित्रात घाम? हा नवरामुलगा आहे की टांग्याचा घोडा?" मग तिची नजर कानांवर गेली. येवसेईंचे कान खरंच मोठे आहेत, मागून ऊन आलं की गुलाबी दिसतात. "झाक ते! मुलीला नवरा दाखवायचाय, दोन कानांचं पातेलं नव्हे!" मी कान पुसायला चिंधी उचलली, पण बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "दिसतं तेच काढायचं, पोरी. न दिसणाऱ्यासाठी संतांच्या तसबिरी करणारे आहेत." येवसेई हसून म्हणाले, "राहू द्या हो मावशी, माझ्या आईचे कान आहेत ते." ते हसले तेव्हा आधी कान हलले, मग ओठ. मी नेमकं तेच धरलं. इतकं खरं चित्र माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

रविवारी मी चर्चमध्ये असताना मावशीने दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या निकानोरला आत घेतलं. बाबांना वाटलं, मीच परतले. येऊन बघते तर काय, कोटाची कॉलर कानांच्या वर चढलेली, घाम पुसलेला, भुवया आवळलेल्या, ओठ मिटलेले. जणू कुणी गव्हर्नर फटक्यांची शिक्षा सुनावतोय! नवा रंग खरवडू लागले तर खालचाही सुटू लागला. "आता कसा शोभतो!" मावशी म्हणाली. आणि चित्राखाली सही माझी.

काल ते बांधताना गाठोड्यावर तुझ्या वडिलांचं नाव वाचलं. अग्निया, ती मुलगी तू आहेस. शनिवारच्या बोटीने ते तुमच्याकडे येईल, त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून धडपडतेय. मागणी घालायला आलेल्या, रुबाबदार चेहऱ्याच्या त्या कर्नलला तू जिन्यातूनच परत पाठवलं होतंस, ते मी विसरलेले नाही. सोबत कानांचं पेन्सिलचित्र ठेवलंय, पहिल्या दिवशीचं, कुणाचा हात न लागलेलं. दुसरी बाजूही सांगायला हवी: येवसेई चहा भुरके मारत पितात आणि केकचा चुरा दाढीत राहतो. घोरतात का ते मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही. बोटीने येणाऱ्या चित्रातल्या माणसाला खुशाल नाही म्हण, मीही त्याला ओळखत नाही. पण नकार देण्याआधी कानांच्या मालकाला एकदा चहाला बोलाव. कोट घरी ठेवून यायला सांग.

तुझीच,
आणि त्या सहीपायी शरमलेली,
ग्लाफिरा