हजेरीवहीतला शेरा

३ मार्च
‘दारू पिऊन आल्याने बाहेर बसवले.’ छापखान्याच्या हजेरीवहीत ह्यांच्या नावापुढे शेवटचा शेरा हा! ह्यांना जाऊन बारा दिवस झाले आणि मला हे आज कळतंय. ज्या माणसाला खोकल्याच्या औषधाचा वास सहन व्हायचा नाही—

फोरमन म्हणाला, “बाई, जीभ जड, पाय लटपटत होते. मी काय आंधळा आहे?” आहात! असं म्हणायचं होतं. “येते” म्हणाले. माझं नेहमीचंच.

४ मार्च
नणंद म्हणते, “सोड गं, ती वही कोण वाचतंय!” मी वाचली ना.

६ मार्च
ह्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दवाखान्यातला रक्ताचा अहवाल दाखवला. दारूचा थेंब नाही. साखर मात्र संपत आलेली. सकाळी इन्सुलिन घेतलं आणि तातडीच्या कामापायी जेवणाची सुट्टी बुडवली. मेंदूला साखर साठवून ठेवता येत नाही म्हणे. रक्तातली घटली की आधी जीभ अडखळते, तोल जातो, माणूस भलतंच बोलतो. बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय. “वेळेवर दोन-तीन चमचे साखर पोटात गेली असती, तर थोड्या वेळात उठून बसले असते.”

दोन-तीन चमचे! छापखान्यात दिवसातून चारदा चहा होतो. साखरेचा डबा उघडाच असतो. मुंग्यांना मिळते, ह्यांना नाही मिळाली! दोन तास फाटकाबाहेरच्या बाकावर बसवलं, दवाखान्यात नेलं ते शुद्ध गेल्यावर. एकानं तरी जवळ जाऊन तोंडाचा वास घ्यायचा!

डॉक्टरांनी आणखीही एक विचारलं. ते नंतर लिहीन.

९ मार्च
छापखान्यातला बाइंडर घरी आला होता. ह्यांच्याच वयाचा. चहा घेतला नाही. “वहिनी, ते सारखे छातीवर बोटं घासत होते. फोरमन म्हणाला, नाटकं बघा साहेबांची. आम्ही हसलो, वहिनी.”

हसले!

बाकी काही लिहवत नाही. दवाखान्यातून आलेली कपड्यांची पिशवी अजून खुर्चीखाली तशीच आहे.

१३ मार्च
अहवाल घेऊन गेले. वही पुढ्यात ओढली, म्हटलं, “खोडा. माझ्यासमोर.” माझाच आवाज मला ओळखू येईना. फोरमननं लाल पेनानं खोडलं, खाली सही केली. मान वर करीना. “वहिनी, चुकलं माझं.” आज वहिनी!

एका शब्दानं त्याला मोकळं केलं नाही. असू दे आयुष्यभर छातीवर दगड. घरचं माणूस असल्यासारखी काळजी घ्यायची असते आजारी माणसाची, हे कुणाला शिकवावं लागतं?

१४ मार्च
पिशवी उघडली. कामाचा शर्ट.

डॉक्टरांनी विचारलं होतं, “खिशात गोड गोळ्या असायच्या ना? मी बजावलं होतं.”

असायच्या. मधुमेह असून चोरून गोळ्या खातात म्हणून जानेवारीत मी भांडले. “अगं, डॉक्टरांनीच सांगितलंय,” म्हणत होते. मला बहाणा वाटला. सगळ्या शर्टांचे खिसे शिवून टाकले.

टाके माझेच. घट्ट. एका कोपऱ्यात तेवढे नखांनी उसवायला घेतलेत.