झटापट, दोघांनाही समज

सर, उद्या नौपाड्यात तुमच्या फोटोला हार घालून आम्ही कबड्डीचे पंच जमणार आहोत. आमची सगळ्यांची तक्रार एकच: खेळाडू आता पंचाला मोजत नाहीत. भाषण मी करायचंय. पण आधी तुमच्याशी बोलतो, कारण ही कीड मी पहिल्यांदा पाहिली ती तुमच्या अक्षरात.

परवा केबलवर बर्फावरची हॉकी लागली होती. परदेशातले पगारी खेळाडू. दोघांनी हातमोजे फेकले आणि एकमेकांची तोंडं फोडू लागले. पंच बाजूला उभे, दोघं खाली पडेपर्यंत. मग दोघंही पाच-पाच मिनिटं बाहेर, की झाला न्याय! सुरुवात करणाऱ्याला जादा शिक्षा द्यावी असं नियमात आहे म्हणे. पंच ती क्वचितच देतात, हे समालोचक हसत हसत सांगत होता. मला किळस आली. आणि विठ्ठलवाडीचं मैदान आठवलं.

फेब्रुवारीतली दुपार. समोर एका कंपनीचा संघ, पंच तुम्ही. आमचा उजवा कोपरा, शाळेत तुमच्याकडूनच पकड शिकलेला माझा मित्र, त्यांच्या चढाईपटूला पाडतो. तुमची शिट्टी होते. शिट्टीनंतर तो चढाईपटू उठतो आणि माझ्या मित्राच्या तोंडावर ठोसा लगावतो. "काय रे कोपऱ्या, दात मोजून घे!" हा त्याला नुसता ढकलतो.

"सर, मी नाही मारलं!" रक्त थुंकत हा ओरडतो.

"गप रे. दोघंही सारखेच."

अहवालात तुम्ही लिहिलंत, 'झटापट. दोघांनाही समज.' 'मारहाण' लिहिलं असतंत तर मारणारा स्पर्धेबाहेर गेला असता. नंतर चहाच्या टपरीवर मी भांडलो, तर तुम्ही म्हणालात, "अरे, कंपनीचा संघ पुढच्या वर्षी यायला नको का? शब्द असा वापरायचा, की कुणाला लागू नये."

लागला, सर. दुसऱ्या एका कंपनीत खेळाडू म्हणून माझ्या मित्राची नोकरी ठरत आली होती. तिथल्या साहेबांनी तुमचा अहवाल वाचला आणि म्हणाले, भांडखोर नकोत. तो टिटवाळ्याला राहायला गेला. मैदानावर पुन्हा आला नाही. अजून भेटला की विचारतो, "सरांना दिसलं होतं ना रे?" मी राखीव खेळाडू, रेषेलगत तुमच्या पायाशी बसलेलो. तुम्हाला दिसलं होतं. मी मात्र त्याला आजवर सांगत आलोय, "नसेल दिसलं."

हे पत्र कुठे टाकणार? भाषणाच्या कागदांखाली राहील. आणि एक कबूल करतो. गेल्या रविवारी डोंबिवलीत मी पंच होतो. पहिला हात कुणी उचलला ते मला स्वच्छ दिसलं, आणि लिहिताना पेनातून तुमचाच शब्द उतरला. तो अहवाल अजून माझ्या खिशात आहे. उद्या तो सगळ्यांसमोर काढीन, माझी ओळ आधी खोडीन आणि मगच म्हणेन: पंचांनो, 'झटापट' लिहू नका. पहिला हात ज्याने उचलला, त्याचा नंबर लिहा.