एक दिवसाआडचा ताप

४ सप्टेंबर

ती. भाऊजी,
सा. न. वि. वि. पत्र माझं आहे म्हणून न वाचता फेकू नका. ताईला ताप येतोय, तोही भारी ऐटीत. एक दिवस कामावर, एक दिवस रजेवर! येतो तेव्हा तीन पांघरुणांतही तिचे दात वाजतात, मग घामानं चिंब. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब परत शिलाई मशीनवर, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. तुम्हाला कळवलं तर कान उपटीन म्हणते. म्हणून कान झाकून लिहितोय.

तापाच्या दिवशी तिला उभंच राहवत नाही, म्हणून रजेच्या दिवशी दवाखान्यात नेलं. कंपाउंडर म्हणाला, ताप कुठाय? टॉनिक दिलं. परवा परत नेलं, तेव्हा मी डोकं चालवलं. त्याची पाठ वळताच थर्मामीटर त्याच्याच चहाच्या ग्लासाला टेकवला. पारा पार टोकाला! त्यानं पारा बघितला, चहा बघितला, मला बघितलं. दोघांना हाकललं. रस्त्यात ताई आधी हसली, मग रडली. आता तिकडे पाऊल टाकायला तयार नाही. काय करू?

रागवा, पण लोभ आटवू नका.
तुमचा मेहुणा

९ सप्टेंबर

चि. उपद्रव यास अनेक आशीर्वाद.
पत्र आज मिळालं. इथे पुलाच्या कामावर फोन लागत नाही, म्हणून हे ट्रकवाल्याच्या हाती देतोय. बदली माणूस आला की निघतोच.

हा हिवताप आहे. आमच्या वेल्डरला असाच यायचा. उतरला म्हणून शिडी चढला, आणि तिसऱ्या दिवशी बायकोला ओळखेना. साइटचे डॉक्टर सांगतात, पोटुशी बाईला याचा धोका फार. जंतू बाळाच्या वारेत दडतात, बाळाचं पोषण तुटतं. अंगात ताप नसला तरी रक्त तपासायला लाव. मोठ्या इस्पितळात ने. चालत नसेल तर उचलून ने, शिव्या घातल्या तर खा.

तिला सांभाळ, एवढंच मागणं.
तुझा भाऊजी

११ सप्टेंबर

ती. भाऊजी,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र काल इस्पितळातच मिळालं. परवा सकाळी ताई मशीनवरच कोसळली. मला आई म्हणून हाका मारत होती. शेजारच्या सुताराच्या हातगाडीवर घालून आणलं. रक्त बघून म्हणाले, हिवताप मेंदूत गेलाय. अंगातली साखरही पार उतरलेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी चहाचं सांगितलं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं.

संध्याकाळी बाळाचे ठोके लागेनात. मुलगी होती, भाऊजी. माझ्या दोन तळव्यांत मावली.

आज ताई शुद्धीवर आली. वाचेल म्हणतात. तिनं नर्सला नाही, मलाच विचारलं, बाळ कुठाय. थाप मारताना मला हसू फुटतं, हे तिला पक्कं ठाऊक. मी म्हटलं, मुलगी झालीय, काचेच्या पेटीत ठेवलीय. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला हसू आलंच नाही. तिला ते खरं वाटलं.

आता दर तासाला विचारते, दूध प्यायली का. लवकर या.

लोभ ठेवा म्हणायला तोंड नाही.
तुमचा उपद्रव