देवमासे जेवत होते

आई, काल आम्ही देवमासे बघायला गेलो होतो. मी आणि तुझी नात. तू गेलीस त्यानंतर जन्मली, त्यामुळे तुला ती ठाऊकच नाही. आता सतरा वर्षांची आहे. लहानपणापासून देवमाशांचं वेड, म्हणून न्यू जर्सीहून ड्राइव्ह करत मॅसॅच्युसेट्सच्या बंदरापर्यंत गेलो. निदान कशासाठी तरी ती घराबाहेर पडली. गेल्या हिवाळ्यापासून ती जेवत नाही गं. नखरे नव्हेत, आजारच आहे. डॉक्टर आहेत, काउन्सेलर आहे. तिचं मनगट हातात आलं की मला घाबरायला होतं. आणि मी मुलगी कोणाची, तर खानावळवालीची.

तुझं ते स्वयंपाकघर डोळ्यासमोर येतं. कॉलेजची पोरं भिंतीला टेकून जेवतायत आणि तू भाताचं पातेलं घेऊन त्यांच्या डोक्यावर उभी. कोणी नको म्हणून ताटावर हात धरला, तर त्या हातावरच वाढायचीस. एकदा मी रुसून ताट सरकवलं. तू रागावली नाहीस, नुसती समोर येऊन बसलीस. "तू जेवशील तेव्हा मी जेवेन." दुपार टळली, तुझं सुकलेलं तोंड बघवेना, तेव्हा मी मुसमुसत गार आमटी-भात जेवले. हा उपाय कधी फसायचा नाही अशी माझी खात्री होती. मागच्या महिन्यात तोच केला, तिच्यासमोर उपाशी बसले. तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, दॅट्स ब्लॅकमेल." मग उठून खोलीत गेली. काउन्सेलर बाईंनीही तेच सांगितलं, जरा गोड शब्दांत. आग्रह करू नका, ताटाकडे बघत बसू नका. आता तूच सांग, आपल्याला दुसरं येतं तरी काय?

बोट बरीच आत गेली. आधी डॉल्फिन दिसले, मग एक सील डोकं वर काढून आमच्याकडे बघून गेलं. मग पाण्यावर बुडबुड्यांचं मोठं कडं उमटलं, आतले बारीक मासे तडतडायला लागले, आणि एकदम काही देवमासे जबडे वासून वर आले. काय खात होते ते! तोंडातून पाणी गळतंय, वरून सीगल्स घास पळवतायत, त्यांना कशाची पर्वा नाही. मी रेलिंग धरून रडायला लागले. शेजारच्या बाईला वाटलं, आनंदाने. माइकवर गाइड सांगत होती, उन्हाळ्यात हे असं खाऊन घेतात, मग थंडीत गरम समुद्राकडे जातात. तिथे मादी पिल्लाला दूध पाजते आणि स्वतः महिनोन्महिने जवळपास काहीच खात नाही.

"मंथ्स?" माझी मुलगी म्हणाली. आणि मग हळूच, "लकी."

वाटलं, तिला धरून गदागदा हलवावं, वाटलं तुला हाक मारावी, पातेल्यासकट ये म्हणावं. मी हरलेय गं. मला काही सुचत नाही.

परतताना लाटा वाढल्या. बोटीवरची एक मुलगी खारी बिस्किटं वाटत आली, मळमळ थांबते म्हणाली. माझ्या लेकीने एक पाकीट घेतलं. स्वतः हात पुढे करून घेतलं. मी लगेच तिच्याकडे पाठ केली आणि समुद्र बघत उभी राहिले. मागे पाकीट फाडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आमच्या डोक्यावर दोन सीगल्स घिरट्या घालायला लागले.

तिने खाल्लं की त्यांना टाकलं, मला माहीत नाही. वळले असते तर कळलं असतं. बंदर येईपर्यंत वळले नाही. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, तर मी म्हटलं, हो, खाल्लं तिने, मी बघितलं. हे तुला पोचायचं नाही म्हणून खरं लिहिलंय. तू असतीस, तर फोनवर तुलाही तेच सांगितलं असतं.