तपासणीला न आलेल्या बायका

४ ऑगस्ट
डेंटल कॉलेजात पेढे. नेसरीकडच्या बायकांची मिसरी सोडवायचा वर्षभराचा प्रकल्प म्हणे यशस्वी. शेवटच्या तपासणीला आलेल्या बहुतेकींची तोंडं सुधारलीत. आकडेवारी माझ्याकडे. न आलेल्यांचं काय, मी विचारलं. विभागप्रमुख सर म्हणाले, "गैरहजर त्या. वगळा."

६ ऑगस्ट
वगळवेना. न आलेल्या बऱ्याच जणींच्या तोंडात पहिल्याच खेपेला पांढरे चट्टे, म्हणजे कॅन्सरआधीची खूण, नोंदवलेत. जास्त बिघडलेल्याच गळाल्या असतील, तर उरलेल्या चांगल्या दिसणारच! सरांना सांगितलं.
"मॅडम, सगळीकडे असंच करतात."
सगळीकडे. बरं.

९ ऑगस्ट
सुट्टी. गडहिंग्लजला एसटी बदलून नेसरी. न आलेल्यांपैकी शांताक्कांचं घर सापडलं. अक्का खाटेवर, तोंडाला पदर. का आल्या नाहीत, विचारलं. सूनच बोलली.
"तोंड उघडाय नगो व्हय तितं? बोटभर बी उघडंना. चमचा सुदीक जाईना."
"आणि मिसरी?"
"ती कवाच सुटली की. लावत्यात कुठनं?"
सुटली. आमचं यश.

१२ ऑगस्ट
गैरहजर बायकांच्या पहिल्या खेपेच्या नोंदी तशाच धरून तक्ता पुन्हा केला. सुधारणा जवळपास उरलीच नाही. सर बघून म्हणाले, "हा कुणी मागितला होता?" मग अगदी हळू, "पहिल्या तक्त्यावर सही करा. तुमचं कॉन्ट्रॅक्ट यंदा वाढवायचंय ना?"
सही न करताच घरी आले.

१७ ऑगस्ट
सुनेचा फोन. "अक्कास्नी गालात गाठ आलीया. मिरजंला न्या म्हणत्यात. तुमच्या सायबांची वळख हाय का तितं?"
आहे. सरांचा वर्गमित्रच तिथं सर्जन. ज्यांचं तोंड बघायचं नव्हतं, त्यांच्याच केबिनबाहेर उभी राहिले. ऐकलं आणि लगेच फोन लावला त्यांनी. "आपलीच पेशंट आहे रे, उद्याच बघ." कळवळून बोलले, खोटं नाही. तेच जास्त लागलं.
फोन ठेवून, "आणि ते सहीचं, मॅडम?"
बघते, मी म्हणाले.

१९ ऑगस्ट
अक्का मिरजेत दाखल. गाठीचा तुकडा तपासायला गेलाय. सून म्हणाली, "लई उपकार झालं तुमच्या सायबांचं."
शिपाई पहिला तक्ता टेबलावर ठेवून गेला. जरा वेळानं सरच दारात.
"पेशंट कशी आहे?"
"रिपोर्ट यायचाय."
मान हलवली. गेले मात्र नाहीत. मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. ते तिथंच उभे.