जावईबापूंचा मेलेला कीबोर्ड

मंगळवार, दिवेलागण

ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करायचा होता. म्हणजे त्यातले ह्यांचे फोटो घरातल्या कुठल्याही फोनवर दिसणार. काम जावईबापूंकडे. कॉम्प्युटर चालवायला टाकलेलं ते लिनक्स त्यांनी काल पहिल्यांदा बघितलं, पण तोरा केवढा!

आज पासवर्ड टाकायला गेले तर स्क्रीनवर अक्षर उमटेना. "आई, कीबोर्ड मेला." दहिसर स्टेशनपर्यंत जाऊन नवा आणला. तोही मेला! एवढा शिकलेला माणूस, दोन कीबोर्ड मारले.

मग म्हणतात, "डिस्क पुसून लिनक्स पहिल्यापासून टाकतो."

पुसून? अरे, ह्यांचे फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत!

म्हटलं, "आधी चहा घ्या, बापू." ते बाल्कनीत गेले नि मी खुर्चीत बसले. शाळेत मी पाटीवर हात आडवा धरून लिहायचे, शेजारणीला दिसू नये म्हणून. हा कॉम्प्युटरही तसाच लपवून लिहून घेत असेल का? कालचा पासवर्ड मीच सांगितलेला. काही दिसत नसताना एका बोटाने टाकला, एंटर दाबलं. उघडलं की! पहिलाच फोटो, हे आ वासून झोपलेले. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

बापू कप घेऊन आत आले. "बघा आई, चालला ना नवा कीबोर्ड!"

"चालला हो," म्हटलं, "तुमच्यासारखाच आहे. चहा झाल्यावर चालतो."