नीट करून देते

९ जून

ती. दादास,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे मी, शिलाई मशीन आणि जिन्याखालची ही खोली. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला फार उभं राहू देऊ नकोस.

तुझी चिठ्ठी मिळाली. कोपऱ्यावरच्या भिंतीवरची माझी जाहिरात वाचून तुझं डोकं फिरलं म्हणे. त्यात आहे तरी काय? ‘बाही लांब आहे? कंबर घट्ट होते? घेऊन या. दोन दिवसांत नीट करून देते.’ खाली पत्ता. बस्स.

तू म्हणतोस, ‘देते’ काढ, ‘करून मिळेल’ लिही, घरंदाज दिसतं. छापखानेवाल्यानेही आधी तेच केलं. मला न विचारता ‘मिळेल’ छापून मोकळा! वर म्हणतो, “ताई, जाहिरातीत असंच असतं.” मी गठ्ठा परत केला आणि पुन्हा छापून घेतला.

तुझ्या दुकानाच्या जाहिराती मीच लिहायचे ना? ‘उत्कृष्ट, दर्जेदार, नावीन्यपूर्ण शिलाईचे एकमेव विश्वसनीय दालन.’ वाचणाऱ्याला धाप लागायची, नवं गिऱ्हाईक काही यायचं नाही. या वेळी मी अक्कल पाजळली नाही. पहिल्या आठवड्यात एक निवृत्त मास्तर आले, म्हणाले, “बाई, बाही लांब आहे हो.” तेच लिहिलं. लोक दारात उभे राहून जे बोलतात ते कागदावर उतरवायचं, एवढीच यातली विद्या.

आणि ‘देते’चं म्हणशील, तर त्या एका शब्दावर नऊ बायका आल्या. एक नर्स म्हणाली, “‘देते’ वाचलं आणि कळलं, माप घ्यायला बाई आहे.” असा शब्द काढून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ?

खरं सांगू? त्या शब्दात बाई दिसते, आणि ती बाई मी आहे, म्हणून तो तुला खुपतो. अकरा वर्षं तुझ्या दुकानात मी पडद्यामागे शिवलं. बाहेर पाटी, ‘शिवून मिळेल.’ कोण शिवतं, ते विचारायची सोयच नाही. त्या दिवशी वकीलसाहेब मी शिवलेला नवा कोट घालून आरशात बघत म्हणाले, “वा, काय बसलाय!” तू हसून मान झुकवलीस. मी चार हातांवर पडद्याआड होते, दातांत टाचण्या धरून. डोळे दुखतात म्हणून दुकान सोडते, असं तुला सांगितलं ते साफ खोटं होतं. मला फार लागलं होतं, दादा.

तेव्हा शब्द बदलणार नाही. उलट मंगळवारपासून तोच कागद तुझ्या दुकानासमोर, औषधवाल्याच्या दारावर लागेल. त्याने हो म्हटलंय. फाडलास तर दुसरा लावीन. शंभर छापलेत.

परवा तुझं एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं. नवा सदरा खांद्यात चुकलेला. विचारत होतं, “तुमच्या दादाचा हात बिघडला का हो हल्ली?” मी खाली मान घालून शिवण उसवत राहिले. तुझी अब्रू झाकली, पण ही शेवटची वेळ. यापुढे कोणी विचारलं, तर तो हात कोणाचा होता ते सांगून टाकणार आहे. त्याआधी तू स्वतः सांगितलंस, तर मला बरं वाटेल.

तुझी धाकटी बहीण,
आणि या गल्लीतली शिंपीण